भेगेवरची काच

४ फेब्रुवारी

घराचं काम काढतेस तर रोजच्या रोज लिहून ठेव, असं दादा फोनवर म्हणाला. म्हणजे पुढे गवंड्यांशी वाजलं तर "तुम्ही अमुक तारखेला असं म्हणाला होतात" असं सुनावता येतं. सुनावायला मला आजवर वही लागलेली नाही, पण सल्ला फुकटचा होता म्हणून घेतला.

तर मागच्या खोलीत भेग पडली आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरकी जमिनीपर्यंत उतरली आहे. गेल्या वर्षी केसाएवढी होती, आता तिच्यात माझ्या ओळखपत्राची कड सहज जाते. मागची खोली अप्पांची. त्यांना विचारलं, ही कधी वाढली? म्हणाले, "जुनीच आहे." अप्पांच्या लेखी जे जुनं ते ठीकच असतं. आई गेल्यापासून तर ते कशाबद्दलच तक्रार करत नाहीत. मी आपली त्यांची राहिलेली तक्रार स्वतःच्या नावावर करते.

९ फेब्रुवारी

आज सुट्टी होती, दोन कंत्राटदार बोलावले होते. पहिले साहेब हातात लाल किरणांचं यंत्र घेऊन घरभर फिरले आणि म्हणाले, "मॅडम, मी तुमच्या जागी असतो तर पाडून नवंच बांधलं असतं." तुम्ही माझ्या जागी नाही हे बरंच आहे, असं सांगून त्यांना दारापर्यंत पोचवलं. दुसऱ्याने कलिंगड वाजवून बघावं तशी भिंत वाजवली आणि म्हणाला, भेग भरतो, वर रंग मारतो, परवा घर चकाचक.

अप्पांना हा दुसरा फार आवडला. एरवी खुर्चीतून न उठणारा माणूस फाटकापर्यंत त्याला सोडायला गेला. परत आल्यावर मला म्हणाले, "समजूतदार वाटतो." मी हसले. भिंतीचं दुखणं रंगाखाली झाकणारा समजूतदार, तर मग आपण सगळेच समजूतदार.

१३ फेब्रुवारी

आज तिसरे आले. शेजारच्या काकूंनी सुचवलेले. तासभर उशिरा आले, आणि उशीर कसा झाला हे सांगण्यात आणखी थोडा वेळ घालवला. खिशात कायम ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का बघायचा दोरीचा लोलक असतो, त्यामुळे मी त्यांचं नाव ओळंबेवाले ठेवलं. तोंडाचा पट्टा असा की आमच्या स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीवर बसवला तर प्रवासी गाडी विसरून ऐकत बसतील. "तो शाळेशेजारचा बंगला बघितलाय ना ताई? मी हात लावला नसता तर आज तिथे पोरं चेंडू खेळत असती."

पण बोलता बोलता माणसाने ओळंबा भिंतीच्या कडेने सोडला आणि एक डोळा मिटून दोरी बघितली. मग म्हणाला, "कोपरा खाली बसलाय. आता प्रश्न एवढाच, की बसून थांबलाय का अजून बसतोय. थांबला असेल तर भेग भरून मोकळे होऊ. बसत असेल तर पाया खोलावा लागेल आणि खोली रिकामी करावी लागेल."

"हे ठरवायचं कसं?"

"आपण कशाला ठरवायचं? भिंतच सांगेल की."

त्यांनी पिशवीतून बोटभर रुंद काचेची पट्टी काढली. प्लास्टर कालवलं, भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक गोळा लावला, आणि पट्टी भेगेवर आडवी बसवून दाबली. गोळ्यावर पेन्सिलीने तारीख लिहिली. काचेला ताण सहन होत नाही, म्हणाले. भिंत नखाएवढी जरी सरकली तरी पट्टी तडकणार. मे अखेरपर्यंत ठेवायची. मधेच तडकली तर फोन करायचा.

मला हे पटलं. उगाच आजच खोदाखोदी नको आणि रंग फासून आत्मवंचनाही नको. काम यांनाच द्यायचं ठरवलं.

अप्पा इतका वेळ जवळ उभे होते. त्यांनी विचारलं, "काच कुठली?"

"खिडकीची फुटलेली होती, त्यातलाच तुकडा."

"कड घासलेली नाही. कुणाच्या तरी हाताला लागेल." अप्पांनी उभं आयुष्य फोटोच्या चौकटी बनवल्या. दुकान बंद केलं तरी घरात काच आली की आधी कड बघतात.

संध्याकाळी मी उद्याच्या साडीला इस्त्री करत होते तेव्हा अप्पांनी विचारलं, "तडकली तर?"

"तडकली तर काय, तुम्हाला दादाकडे जावं लागेल."

"बरं," म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

१६ फेब्रुवारी

पट्टीवर धूळ बसली होती म्हणून फडक्याने पुसायला गेले आणि बोट चांगलंच कापलं. अप्पांनी स्वतः उठून औषध लावलं, बोटाला चिंधी बांधली. "म्हटलं नव्हतं?" असं दोनदा म्हणाले. बरोबर ठरण्याचा आनंद माणसाला या वयातही होतो.

३ मार्च

काच शाबूत. मी कामावर जाताना आणि आल्यावर बघते. अप्पा दिवसभर बघतात. खुर्ची ओढून भिंतीसमोरच घेतली आहे. मी म्हटलं, "टीव्ही आहे का तो?" तर म्हणाले, "जाहिराती नसतात." किती महिन्यांनी अप्पांनी विनोद केला. कामावरही मला तो आठवून हसू येत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी दादाचा फोन. मी भांडी विसळत होते म्हणून फोन ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवला होता. दादा म्हणाला, कशाला त्या भिंतीच्या नादी लागतेस, त्यांना कायमचं इकडे पाठव, लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहे. मी "बघू" म्हटलं. दादाशी वाद घालायचा नसला की मी "बघू" म्हणते. त्याने वाद मिटतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. अप्पा ताट घेऊन दारातच उभे होते. त्यांना भात हवा होता.

२२ मार्च

आज घरी आले तर अप्पांनी पलंगाखालून हत्यारांची पेटी बाहेर ओढलेली! काच कापायची हिरकणी, मोजपट्टी, घासायचा दगड, सगळं वर्तमानपत्रावर मांडलं होतं. दगड ओला होता. अप्पांची बोटंही ओली होती.

"काय चाललंय?"

"हात चालतो का बघतो."

मी तोंड धुवायला म्हणून आत गेले आणि थोडी रडले. आईचा फोटो अजून पाकिटातच आहे. ज्यांनी गावच्या आया, आज्या, सगळ्यांना चौकटीत बसवलं, त्यांनी आपल्या बायकोला मात्र अजून बसवलेलं नाही. त्यासाठी म्हणून उत्तम काच आणून कागदात गुंडाळून कपाटामागे उभी केली, आणि ती तिथेच राहिली. आज बहुतेक ती काच बाहेर निघाली आहे.

मी काहीच विचारलं नाही. विचारलं तर थांबतील. माझ्या जिभेला आयुष्यात पहिल्यांदा लगाम घातला आणि त्याचा मला अभिमान वाटला.

३० मार्च

पट्टी पुसली. या वेळी बोट कापलं नाही. शहाणी झाले म्हणायची.

बेसिनमध्ये आईची छोटी वाटी सापडली, आत पांढरा थर वाळून चिकटलेला. चौकटीला लावायला अप्पा काहीतरी कालवत असणार. वाटी घासता घासता नाकी नऊ आले, पण बोलले नाही.

१५ एप्रिल

अप्पांना झालंय तरी काय! मागच्या खोलीचं दार फरशीला घासत होतं, तर आज रंधा काढून दार खालून तासून ठेवलं. कपाट डुगडुगत होतं, तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मी दादाला फोन करून सांगितलं की तुझे वडील पुन्हा कामाला लागलेत, आता तुझी लिफ्ट तुलाच लखलाभ. दादा हसला.

एक बरं झालं. बाथरूमचं पाणी तुंबायचं, ते हल्ली सरळ निघून जातं. आपोआप.

७ मे

न राहवून आज विचारलंच. "झाली का तयारी?"

अप्पा दचकले. "कसली?"

"राहू दे, मला माहीत आहे," मी म्हटलं. अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता. मग मीच म्हटलं, "आवडलं मला. करा सावकाश."

चष्मा काढून पुसत म्हणाले, "काच पुरत नाही. येताना आणशील? पातळ आण."

आणली. एका फोटोला किती काच लागते देव जाणे. हात थरथरतात, फुटत असेल कापताना.

३१ मे

ओळंबेवाल्यांना फोन केला. ते येऊन बघणार होते, पण दुसऱ्या गावी मोठं काम लागलंय. फोनवरच विचारलं, "काच काय म्हणते?"

"शाबूत आहे. ठणठणीत."

"नक्की? बारीकसुद्धा तडा नाही?"

"माझे डोळे चांगले आहेत."

"मग बसून थांबली भिंत! बघा, मी म्हटलं होतं ना?" असं त्यांनी काहीही म्हटलेलं नव्हतं. पावसाळा संपेपर्यंत काच राहू द्या, मग येऊन भेग भरतो, म्हणाले.

अप्पांना सांगितलं, "वाचलात बरं का." त्यांनी मान हलवली. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. नुसतं विचारलं, "अजून ठेवायची ती पट्टी?"

१९ जून

अप्पा वाळलेत. जेवण अर्ध्यावर आलंय, रात्री झोप नाही. डोळ्यांखाली काळं. आज ताटावर बसल्या बसल्या मी त्यांच्यावर रागावले. "औषधं घेत नाही, जेवत नाही, करायचं काय मी तुमचं?" तर मधेच विचारतात, "ते पट्टीवाले कधी येणार?"

"मला काय माहीत, ते येतील तेव्हा येतील."

हे मी खिडकीवर दिवसातून किती वेळा म्हणते. लोक हिरमुसून बाकावर जाऊन बसतात, मग माझ्या लक्षातही राहत नाहीत. अप्पाही उठून खोलीत गेले. त्यांच्या नखांत पांढरं काहीतरी होतं. हात धुऊन जेवा एवढं तरी ऐका, असं मी मागून म्हटलं.

५ जुलै

दुपारी पाळी बदलली म्हणून लवकर आले. अप्पा मागच्या खोलीत जमिनीवर. स्टूल आडवं. मांडीचं हाड मोडलेलं. शुद्धीवर होते. बाजूला आईची वाटी, त्यातलं पांढरं दगड झालेलं, म्हणजे किती वेळ पडले होते. हातात काचेची पट्टी होती. पडतानाही त्यांनी ती फुटू दिली नाही.

फोटो टांगायला चढले असतील, मनात हेच आलं.

रुग्णवाहिकेत सारखे विचारत होते, "काच बघितलीस?" मी म्हटलं, "हातातून काढून ठेवली, लागली नाही तुम्हाला, शांत पडा."

उद्या ऑपरेशन आहे. दादा निघालाय.

७ जुलै

ऑपरेशन नीट झालं. अप्पांचे कपडे न्यायला घरी आले. परवा त्या खोलीत मी फक्त अप्पांना बघितलं होतं. आज भिंत बघितली.

भेगेवर काच नव्हती. दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या गोळ्यांत काचेचं एकेक टोक तेवढं अडकलेलं होतं आणि मधली भेग अशी रुंद की माझं बोट आत गेलं. थंड वारा लागला बोटाला. पलीकडचं अंगण.

जमिनीवर ती पट्टी होती, मीच त्यांच्या मुठीतून सोडवून ठेवलेली. उचलली. कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, जोरात दाबून फिरवलं. कुठेही लागत नव्हती. चारी कडा लोण्यासारख्या घासलेल्या.

कपाटामागे हात घातला. कागद होता, आईच्या फोटोची काच नव्हती. फोटो पाकिटातच होता. अप्पा टांगायला स्टुलावर चढले नव्हते, भिंतीशी स्टुलावर बसले होते.

मी तिथेच बसून राहिले. तीस मार्चला बोट का कापलं नाही, ते मला आज कळलं. दार का घासत होतं, कपाट का डुगडुगत होतं, ते आज कळलं. मी तेव्हा दादापुढे मिरवत होते. भिंत खचत होती आणि माझे वडील एकट्याने ती माझ्यापासून लपवत होते, त्याच भिंतीला डोकं करून झोपत होते. ती रात्रीतून आली असती अंगावर तर? डोळे फुटले होते माझे. मला काय चांगलं दिसतं हे मी फोनवर त्या माणसाला ऐकवलंसुद्धा होतं.

८ जुलै

ओळंबेवाले धावत आले. भिंत बघून आधी ओरडलेच. "ताई, शाबूत म्हणालात की तुम्ही!"

मी घासलेली पट्टी त्यांच्या हातात दिली आणि काय झालं ते सांगितलं. ते पट्टी उलटसुलट करत राहिले. मग खाली वाकून भिंतीकडे बघून म्हणाले, "इथेच झोपायचे?"

"हो. इथेच."

ते उंबऱ्यावर बसले. "मी यायला पाहिजे होतं," म्हणाले. "काच फोनवर बघायची नसते. एवढ्या वर्षांत कुणी माझी काच बदलली नव्हती हो."

नंतर बाथरूमची फरशी उचकटून बघितली. खालचा पाइप फुटलाय. सगळं पाणी कोपऱ्याखाली मुरून माती घेऊन जात होतं. मी मात्र पाणी तुंबत नाही म्हणून खूश होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी भिंतीला लाकडी टेकू लावून दिले.

११ जुलै

आज अप्पा जरा तरतरीत होते. दादा खाली चहाला गेला तेव्हा मी विचारलं.

"का केलंत असं?"

"तू म्हणाली होतीस ना. तडकली तर दादाकडे."

"अप्पा, काम होईपर्यंत हो! चार दिवसांसाठी म्हटलं होतं मी."

"तुझ्या आईलाही चार दिवसांसाठीच नेलं होतं."

तिला दादाकडे नेलं तेव्हा हेच शब्द मी दारात उभी राहून म्हटले होते. तिची चप्पलसुद्धा बरोबर घेतली नव्हती, आणि ती तिकडून परत आलीच नाही.

तेच पुढे म्हणाले, "चांगली काच होती ती. तिच्यासाठी ठेवली होती. पण दुसरी पातळ नव्हती घरात."

मला रडू आवरेना. रडताना माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हटलं, "मग कडा कशाला घासत बसलात? तेवढ्यानेच पकडले गेलात."

अप्पा म्हणाले, "तुझं बोट कापलं होतं."

१२ जुलै

दादाने ही वही दुसऱ्याला सुनावायला ठेवायला सांगितली होती. आज पहिल्यापासून वाचली. तेरा फेब्रुवारीला मी लिहिलंय, "एवढंच बोलणं झालं." आणखी एक वाक्य बोलले असते तर? "काम झालं की लगेच परत आणेन." इस्त्री बाजूला ठेवायचीसुद्धा गरज नव्हती.

तीन मार्चचं "बघू" आहे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, असंही लिहून ठेवलंय माझ्याच अक्षरात.

२० जुलै

अप्पांना दादाकडे नेलं. दुसरा इलाज नव्हता. खोली खोदायची आहे आणि त्यांना चालता येत नाही. ज्याला भिऊन सगळं केलं तेच झालं. गाडीत बसवल्यावर मी खिडकीशी वाकून म्हटलं, "काम झालं की मी स्वतः न्यायला येते. नक्की. अगदी नक्की."

त्यांनी मान हलवली. अशी मान मला ओळखीची आहे. पुढची गाडी येईलच, असं मी सांगते तेव्हा समोरचा अशीच हलवतो.

१७ ऑगस्ट

पाया खोलून झाला. कोपऱ्याखालची माती इतकी वाहून गेली होती की खड्ड्यात उतरलेला गवंडी भिंतीखाली हात घालून थेट पलीकडे नेत होता. सलग खोदत नाहीत, नाहीतर भिंत खाली येईल. थोडा भाग खोदायचा, काँक्रीट भरायचं, ते पक्कं होऊ द्यायचं, मग पुढचा. मला घाई सुटली होती. ओळंबेवाले म्हणाले, "ताई, या कामात घाई केली तर पुन्हा मीच यायचो." हल्ली ते स्वतःची तारीफ करत नाहीत. वेळेवर येतात. मला त्याचंही वाईट वाटतं.

अप्पांना रोज फोन करते. काम कुठवर आलं ते सविस्तर सांगते. "हो का," म्हणतात, "छान." परत कधी यायचं हे एकदाही विचारत नाहीत.

२४ सप्टेंबर

पाइप बदलला, भेग भरली, गिलावा झाला. ओळंबेवाल्यांनी भरलेल्या भेगेवर पुन्हा काचेची पट्टी बसवायला काढली. खात्रीसाठी, म्हणाले. या वेळी खिशातून पॉलिश पेपरही काढला. "कड घासून घेऊ का? तुमच्या वडलांना आवडेल."

"नको," मी म्हटलं. "तशीच राहू दे. खरबरीत."

त्यांनी पॉलिश पेपर परत खिशात घातला.

१२ ऑक्टोबर

अप्पांना आणलं. वॉकर घेऊन चालतात. रस्ताभर मी बडबडले, ते बाहेर बघत होते. घरात आल्यावर पाणीसुद्धा न घेता सरळ मागच्या खोलीत गेले आणि भिंतीसमोर उभे राहिले. नवा रंग, सरळ कोपरा, वर आडवी काच. शाबूत.

मी मागे उभी होते. वाटलं, आता म्हणतील, बरं झालं काम.

वळून, अगदी मायेने, मला म्हणाले, "ही तू बदललीस का गं?"

"नाही अप्पा. तीच आहे. ओळंबेवाल्यांनी लावलेली."

मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी बरं बरं म्हटलं. त्यांना खरं वाटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "कड बघा."

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. लगेच लाल ठिपका आला. बोटाकडे बघत म्हणाले, "हं. खरी आहे."

मी औषध आणायला धावले. त्यांच्या बोटाला चिंधी बांधली. माझ्या वडलांना माझ्या शब्दाची खात्री पटावी म्हणून मला त्यांचं रक्त काढावं लागलं.

२ नोव्हेंबर

अप्पांसाठी चांगल्यातली चांगली पातळ काच आणून टेबलावर ठेवली आहे, आईच्या फोटोच्या मापाची. अजून कागद सोडलेला नाही. मी विचारत नाही. नाही, आज विचारलं. न विचारण्याचं काय होतं ते बघितलंय मी. "करू," म्हणाले.

२० नोव्हेंबर

ओळंबेवाले येऊन स्वतःच्या डोळ्यांनी काच बघून गेले. भिंत आता जागची हलत नाही, म्हणाले. पट्टी काढायची का विचारलं, तर अप्पा म्हणाले, राहू दे.

दादाकडून आणलेली पिशवी पलंगाशेजारी उभी आहे. आल्यापासून रिकामी केलेली नाही. रोज तिच्यातून एक शर्ट काढतात, धुऊन वाळला की घडी करून परत तिच्यातच ठेवतात. चष्म्याचं घर तिच्यात, औषधं तिच्यात, आईचा फोटो पाकिटासकट तिच्यात. आज सकाळी मी सगळे शर्ट काढून कपाटात रचले. कपाट आता डुगडुगत नाही.

कामावर दिवसभर समोरच्या बाकावरची माणसं बघत होते. पिशवी पायाशी, एक हात तिच्यावर.

संध्याकाळी आले तर कपाट रिकामं होतं. शर्ट पिशवीत. मी अप्पांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "अप्पा, आता कुठेही जायचं नाहीये. कधीच नाही. मी लिहून देऊ का?"

"माहीत आहे गं," म्हणाले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे जवळ."

झोपण्याआधी त्यांच्या खोलीत जाऊन काच बघून आले. शाबूत आहे.